तिसरा वेचा

दिवस मावळताना शेतात लाइन आली, की विहिरीवरची मोटार सुरू होते आणि वेचणीला आलेल्या बायका-पोरी हंडे घेऊन पाइपाशी जमतात. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात मी बांधावर उभी राहून हे रोजचंच दृश्य बघत होते. पाइप धरायचं काम एका पोराने आपणहून अंगावर घेतलं होतं. वय असेल सतराच्या आतबाहेर. एकेक हंडा भराभर भरून बाजूला होत होता. मग एका मुलीचा नंबर आला आणि धार बारीक झाली. मला वाटलं, मोटारीने हवा धरली. नीट पाहिलं तर पोराने पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता. मुलीला ते कळत होतं. ती काही बोलली नाही, हंडा सरळ धरून उभी राहिली. मागच्या बायका ओरडल्या तेव्हा कुठे अंगठा निघाला.

मला एकदम गाथासप्तशती आठवली. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात एका पाणपोईवरची गाथा आहे. तहानलेला वाटसरू वर बघत बोटांच्या फटींतून पाणी गळू देतो आणि पाणी घालणारी मुलगी धार आणखी बारीक करते. इथे धार मुलाच्या हातात होती आणि हंडा मुलीच्या, एवढाच फरक. आणि इथे दोघंही वाटसरू होते.

तो मेळघाटातला कोरकू, ती शेजारच्या राज्यातल्या खरगोनकडची बारेला. दोघांची कुटुंबं कापूस वेचायला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात आलेली. आमचा बुलढाणा जिल्हा घाटाने दुभागलेला आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि आम्ही. घाटाखालची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कापसाची. या कापसापायीच १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. बोंड फुटलं की कापूस झाडावर वाट बघत नाही. दव, अवकाळी पाऊस, वारा, सगळे त्याच्या मागे लागलेले असतात. एकाच वेळी भरपूर हात लागतात आणि तेवढे हात गावात नसतात. गावातले हात पुण्याला, सुरतेला गेलेले असतात, घाटावरचे काही कोयता घेऊन ऊसतोडीला. ज्या जिल्ह्यातून माणसं बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात बाहेरून माणसं येतात. ती शेतातच पाल ठोकतात, किलोवर कापूस वेचतात, बाजाराच्या दिवशी हिशेब घेतात आणि पऱ्हाटी रिकामी झाली की पुढच्या शेताकडे निघतात.

वेचणीचं काम दुरून फार देखणं दिसतं. जवळ गेलं की वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडांत घुसलेली दिसतात. कमरेला ओटी, ओटीत कापूस, दुपारपर्यंत ती पोटाशी इतकी फुगते की सगळ्या बायका एकसारख्या दिसायला लागतात. या मुलीची ओटी मात्र मला लांबूनही ओळखता यायला लागली, कारण शेजारच्या तासात, पिकाच्या ओळीत, तो पोरगा असायचा. दोन टोळ्या खरं तर वेगवेगळ्या तासांत लावलेल्या. तरी संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी आलेले असत.

ते बोलत कशात असतील, याचं मला कुतूहल होतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिची नाती झारखंडातल्या संताळीशी. बारेली भिल्ली गटातली. एकीचं दुसरीला काहीही कळत नाही. वेचणीच्या शेतात एक तिसरीच बोली चालते, थोडी हिंदी, थोडी निमाडी, थोडी आमची वऱ्हाडी. त्या बोलीत वजनं होतात, भांडणं होतात, उसने पैसे मागितले जातात. तिच्यात लाडाचे शब्द कुठून आणायचे? एकदा काट्यावर गाठोडी मोजताना त्या मुलीने कोरकूत आकडे मोजले. एक ते पाच. आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. मी मात्र मनातून हरखले होते.

हरखण्याला कारण होतं. आमच्याच तालुक्यात, जामोदच्या आसपासच्या काही गावांत, निहाली नावाची भाषा बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार असतील. भाषेच्या अभ्यासकांना ती जगातल्या कुठल्याही कुळात बसवता आलेली नाही. पण त्या एकट्या भाषेच्या पोटात कोरकूचे आणि मराठीचे शब्द खच्चून भरलेले आहेत. ते काही कोणा पंडिताने नेऊन टाकले नाहीत. कधीतरी कोणीतरी कोणाशेजारी राहिलं, एकत्र लाकडं तोडली, एका झऱ्यावर पाणी भरलं, एकमेकांच्या पोरांना कडेवर घेतलं, तेव्हा ते शब्द या घरातून त्या घरात गेले. सातपुड्यात हे हजारो वर्षं चाललं आहे. मुलीच्या तोंडचे ते पाच आकडे त्याच वाटेवरचे होते.

आणि तरीही मी तिच्या आईला सांगितलं.

फार काही नाही सांगितलं. ‘पोरीवर लक्ष ठेव, वय तसलं आहे,’ एवढंच. काळजीने बोलले, असं तेव्हा मला वाटलं. मुलगी सोळाची. तिसरा वेचा अर्धा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाने हिशेब मागितला. मी म्हटलं, अजून आठ दिवसांचं काम आहे. तो म्हणाला, गावाकडे मयत झाली. मयत झाली नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. रात्री एक पिकअप आली. सकाळी पालाच्या जागी चार खुंट्यांची भोकं आणि चुलीचे तीन दगड होते. होळीनंतर मुकादमाकडून कळलं की पोरीचं लग्न उरकलं. ते ऐकून मी कोणालाही फोन केला नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा नंबर मला पाठ होता. ग्रामसेवक हाच तेव्हा खेड्यातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी होता, हेही माहीत होतं. पण गाव दुसऱ्या राज्यातलं, गोष्ट होऊन गेलेली, असं म्हणत मी स्वतःची समजूत घातली.

तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

त्या आईवर मी रागावू शकत नाही. तिची भीती आपण घरात बसून मागासपणा म्हणून बाजूला सारतो, पण एकदा त्या पालात दिवसभर बसून पाहावं. ताडपत्रीला दार नसतं. आंघोळीला आडोसा म्हणजे चार काठ्यांना बांधलेली लुगडी. आई-बाप उजाडायच्या आत तासात गेलेले आणि वयात आलेली मुलगी भावंडं सांभाळत पालात. भोवती परकं गाव, परकी भाषा, ओळखीचं कोणी नाही. तिथे काही वाईट घडलं तर कोणत्या ठाण्यात कोणत्या बोलीत सांगायचं? मग लग्न हेच दार, तीच कडी. ऊसतोडीत याला आणखी एक गाठ बसते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या जोडीवर मिळते. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. कारखान्याच्या फाटकापाशी घाईने उरकलेल्या अशा लग्नांना मराठवाड्यात ‘गेटकेन’ म्हणतात, बाहेरच्या हद्दीतून थेट फाटकावर येणाऱ्या उसाचा शब्द माणसांच्या लग्नाला लावलेला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठरा पुरी होण्याआधी झालेली आढळली. शंभरातल्या बावीस. त्यातल्या किती जणींच्या आयांना आधी कोणीतरी माझ्यासारखं ‘लक्ष ठेव’ म्हणालं असेल?

मी पुन्हापुन्हा हिशेब करते की त्या दोघांना हवं काय होतं. पळून जायचं नव्हतं, तशी काहीच चिन्हं नव्हती. लग्नही नको होतं, निदान त्या पौषात तरी. त्यांना उद्या संध्याकाळी पुन्हा पाइपाशी भेटायचं होतं. गावातल्या पोरा-पोरींना हे फुकट मिळतं. शाळेची एकच वाट, एसटीचा एकच थांबा, गल्लीतली एकच चक्की. कोणी आज आवडलं तर उद्या तिथेच दिसणार, परवाही दिसणार. त्या दिसण्यात हळूहळू कळत जातं की हे नुसतं भुलणं आहे की आणखी काही. पुष्कळदा ते आपोआप विरूनही जातं, आणि तेही चांगलंच असतं. फिरत्या कुटुंबातल्या मुलांना हा सावकाशपणा कधी मिळत नाही. त्यांची ओळख कापसाच्या वेच्यांवर मोजलेली. पहिल्यात दिसले, दुसऱ्यात बोलले, तिसऱ्यात ताटातूट. मोबाइल बापाचा, रिचार्ज संपला की नंबर बंद, पुढच्या साली नवं कार्ड. ‘गाव कोणतं?’ हा आमच्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न. त्याचं खरं उत्तर या पोरांकडे आठ महिने नसतं.

कायद्याकडे पाहिलं की मन आणखी गोंधळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. चौदा पूर्ण झाली की तो हात सुटतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदाही चौदाच्या पुढच्या मुलांना धोकादायक सोडून बाकीची कामं करू देतो. म्हणजे चौदा पूर्ण झाली की ओटी बांधायला मोकळीक. लग्नासाठी मुलीला अठरा, मुलाला एकवीस. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीची संमती ही संमतीच धरली जात नाही. ती दोघं पळून गेली असती, तर पोरगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला असता, आणि वयाच्या दाखल्यात तो अठराचा निघाला असता तर तुरुंगात. पोरगी बालगृहात. हे वय सोळावर आणावं का, यावर विधी आयोगाने २०२३ मध्ये अहवाल दिला. वय कमी करू नये, पण सोळा ते अठरामधल्या मुलांच्या राजीखुशीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावं, असं त्यात सुचवलं. मला ते पटतं. सोळा वर्षांच्या मुलीचं शरीर बाळंतपणाला तयार नसतं, आणि ‘राजीखुशी’ या शब्दाआड किती दडपण लपतं ते खेड्यात राहणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पण चौदा ते अठरा ही चार वर्षं या मुलांनी घालवायची कशी, हे मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. शाळा नाही, खेळाचं मैदान नाही, वसतिगृह मिळालं तर नशीब. उरतं काम, आणि कामाच्या कडेने उगवलेलं एवढंसं प्रेम.

यांच्या आज्या-आजोबांकडे निदान काही रीती होत्या. कोरकूंमध्ये लमझना असतो. मुलगा मुलीच्या घरी राहून काही वर्षं काम करतो, सासरा त्याला पारखतो, मग लग्न. त्या वर्षांत दोघांना एकमेकांचं पाणी कळतं. बारेला आणि भिलांमध्ये पोरगा-पोरगी परस्पर निघून गेले, तर मागाहून दोन्हीकडचे पंच बसतात, देजाची रक्कम ठरते आणि गोष्ट मिटते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराविषयी तर बाहेरच्यांनी भलतंच पसरवून ठेवलं आहे, जणू तो जोडीदार पळवायचाच बाजार. आदिवासी संघटना याला विरोध करतात आणि त्यांचं खरं आहे. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे, ढोल, बासऱ्या, गूळ, शेव-खजूर आणि वर्षभराने भेटणारी सोयरी-धायरी. जत्रेत नजर जुळणं तर पंढरीच्या वाटेवरही होतं. या सगळ्या रीती चालतात त्या आपल्या माणसांत, आपल्या डोंगरात. मुलगा एका जमातीचा, मुलगी दुसरीची, राज्यं दोन, भेट तिसऱ्याच्याच शेतात. तिथे पंच कोण बसवणार? आमचं गाव तर बसवणार नव्हतंच. आम्ही त्यांचा कापूस मोजून घेत होतो, तेवढंच आमचं नातं.

इथे मला एका वाघाची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर, नाव टी वन सी वन. वयात आलेल्या नराला स्वतःचं क्षेत्र लागतं, जोडीदार लागते, आणि टिपेश्वरात जागा उरली नव्हती. तेलंगणा, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून, रस्ते ओलांडत, पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. किती कौतुक झालं त्याचं! वर्तमानपत्रांनी नकाशे छापले. तिथे दुसरा वाघ नाही, मग याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, यावर वनखात्याचे अधिकारी आणि तज्ज्ञ विचार करत बसले. ते योग्यच होतं. मीही ते सगळं आवडीने वाचत होते आणि तो एकटा आहे म्हणून हळहळत होते. तरुण जीव घर सोडून इतक्या लांब येतो तेव्हा त्याच्या सोबतीचा विचार माणसाने करावा, हे त्या वेळी आम्हा सगळ्यांना किती सहज कळलं होतं. त्याच ज्ञानगंगेच्या बाजूने, बोथ्याच्या घाटातून, मजुरांनी भरलेल्या पिकअप वर-खाली करतात. टपावर गाठोडी, मागे पोरं.

मी काय करायला हवं होतं, ते मला आज ठाऊक आहे. आईला सांगण्याआधी मुलीशी बोलायला हवं होतं. ती सातवीनंतर शाळेत गेली नव्हती. आश्रमशाळेत पुन्हा नाव घालता येईल का, विचारता आलं असतं. आमच्या अंगणवाडीच्या ताईंशी तिची गाठ घालून देता आली असती. सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुला-मुलींसाठी ‘मैत्री’ केंद्रं असतात, तिथे न लाजता बोलता येतं. पोरालाही सांगता आलं असतं की बाबा, ती सोळाची आहे, तुला खरंच ती हवी असेल तर दोन वर्षं नुसतं पाणी भर. आणि आईला म्हणता आलं असतं, पाल वाड्याशेजारी ठोक, दिवसा पोरगी माझ्या पडवीत बसू दे. एवढी साधी गोष्ट. पडवी रिकामीच होती.

मागच्या वर्षी दोन्ही टोळ्या आल्या नाहीत. यंदा मेळघाटातली टोळी आली. पोरगा उंच झाला आहे, मिसरूड जाड झालं आहे. आल्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी काट्यापाशी सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘बाई, वो खरगोनवाले नहीं आये इस साल?’’

मी म्हटलं, ‘‘नाही आले. गुजरातकडे गेले म्हणतात.’’

‘‘सब गये?’’

लग्नाचं त्याला कळलं आहे की नाही, मला समजेना. सांगावं की नाही, हेही सुचेना. एकदा माझ्या बोलण्याने खुंट्या उखडल्या होत्या, म्हणून जीभ उचलत नव्हती. पण न सांगणं आणखी वाईट झालं असतं. मी सांगितलं. मी तिच्या आईशी बोलले होते, तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. बोटांवरच्या चिरा अंगठ्याने दाबत होता. मग म्हणाला, ‘‘वो गिनती पूरी नहीं सीखी थी.’’

तेवढ्यात लाइन आली. मोटारीचा आवाज झाला, बायका हंडे घेऊन विहिरीकडे निघाल्या आणि कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला, पाइप उचलला आणि पहिला हंडा भरायला लागला. धार पूर्ण होती.